दोन गाड्या

फाटकाशी दोन गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. पुरुषांची शहराच्या दक्षिणेला जे. पी. नगरच्या केंद्रात जाणार होती, बायकांची उत्तरेला येलहंक्याच्या. यशवंतपूरचं बेघरांचं निवारा केंद्र आज बंद होत होतं. इमारत धोक्याची ठरली होती, संध्याकाळच्या आत कुलूप लावायचं होतं.

केंद्र सांभाळणारी वीणा कानाला फोन लावून भिंतीशी उभी होती. तिचा घोर एका जोडप्यापायी होता. जयसिंगरावांचं वय झालेलं, त्यात हल्ली काही म्हणता काही आठवत नसे. अंबुबाईंनी भरवलं तर जेवायचे, रात्री दचकून उठले की त्यांच्याच आवाजानं निवायचे. इथं दोघांना पडद्याआड एक कोपरा होता. पुढं तो कुणी द्यायला तयार नव्हतं.

"आमचं अनुदान पुरुषांसाठी आहे. बाईमाणूस ठेवलं तर ऑडिटला काय सांगू?" दक्षिणेच्या साहेबांनी सकाळीच हात वर केले होते. उत्तरेच्या मॅडमनी तेच उलटं करून ऐकवलं. कुटुंबांसाठी एक केंद्र होतं, पण ते तिसऱ्याच कार्यालयाच्या हद्दीत. आणि कॉम्प्युटरवर तर दोघांच्या नावापुढं कुणीतरी 'स्थलांतर पूर्ण' असं भरूनही टाकलं होतं.

त्या तिसऱ्या कार्यालयाचे श्रीहरी आता कुठं फोनवर सापडले होते.

"असं तोंडी कसं घेऊ मॅडम? तुमच्या वरिष्ठांचं पत्र हवं."

"पत्र सोमवारी आणून देते, सर. पण आज त्यांनी झोपायचं कुठं?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"सरी, चालेल," श्रीहरी म्हणाले. "पण सोमवारपर्यंतच."

वीणानं फोन ठेवला आणि वळून पाहिलं. फाटकाशी फक्त बायकांची गाडी उरली होती.

अंथरुणाची वळकटी काखेत घेऊन अंबुबाई आतून आल्या. "अक्का, आमचे हे कुठं गेले हो?"

पुरुषांच्या गाडीचा ड्रायव्हर फोन उचलेना. उचलला तेव्हा गडबडलेला होता. मार्केटच्या सिग्नलला एक म्हातारे दार उघडून उतरले, मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, थांबताच आलं नाही.

दोघी रिक्षानं मार्केटला पोचल्या. कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या, त्यांच्यामधून मागे सरकणारे ट्रक, हमालांची ओरड. "जयसिंगराव! जयसिंगराव!" वीणा हाका मारत पळत होती. कुठंतरी करकचून ब्रेक लागला, कुणीतरी किंचाळलं. ती तशीच धावली. हातगाडी उलटली होती, बटाटे रस्ताभर झाले होते. माणूस कुणी नव्हता.

"आजी, तुम्ही हाक मारा. तुमचाच आवाज ओळखतात ते."

"अहो!" अंबुबाई ओरडल्या. "अहो, ऐकलंत का!"

दोनचार हमाल हसत वळले.

"असं नाही आजी. नावानं."

अंबुबाईंनी पदर तोंडाशी नेला. लग्न झाल्यापासून ते नाव त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं. समोर एक भरलेला ट्रक गचके देत मागे येऊ लागला.

"जयसिंग," त्या पुटपुटल्या. मग पदर सुटला आणि छाती फुटेस्तोवर आवाज निघाला. "जयसिंग! अरे ए जयसिंगा!"

ट्रकच्या मागं, गोण्यांना टेकून बसलेला एक म्हातारा उठला. पायांत चपला नव्हत्या. कपाळाला आठ्या घालून तो तरातरा चालत आला. वीणानं दंड धरून जयसिंगरावांना अलीकडे ओढलं आणि ट्रक त्या जागेवरून मागे गेला.

"लाज वाटत नाही?" जयसिंगराव बायकोवर कडाडले. आवाज स्वच्छ, खणखणीत. "चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतेस?"

अंबुबाईंनी त्यांची बाही मुठीत घट्ट धरली. हसू आणि रडू एकदमच आलं.

"चुकलं," त्या म्हणाल्या. "कुणाचं नाव घेतलं मी, सांगा बघू?"

जयसिंगरावांनी ट्रककडे पाहिलं, वीणाकडे पाहिलं. आठ्या हळूहळू विरल्या.

"कुणाचं गं?"