पहिला घास

"हा बन नव्हे, कापूस आहे," म्हणत इझाबेलमावशींनी नव्या कॅफेचा बन बाजूला सारला.

गुड फ्रायडेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात गावातल्या साऱ्या बेकऱ्यांचे क्रॉसवाले बन मांडले होते. मावशींनी निकाल दिल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, हा त्यांचाच दंडक. गेल्या साली रेजिनाच्या बेकरीचा बन चाखून त्या म्हणाल्या होत्या, "हा कुत्र्याला घाला." रेजिना वर्षभर माशा मारत बसली.

पावसाळ्यातल्या तापात मावशींच्या तोंडाची चवच गेली होती, पण ते त्यांनी घरातही कळू दिलं नव्हतं. आता त्या रंग आणि मऊपणा बघून निकाल देत. रेजिनाचा बन तुकतुकीत होता. मावशींनी घास घेऊन डोळे मिटले. "याला म्हणतात बन! गोडी कशी बेताची! यंदा पहिला नंबर रेजिनाचा."

सगळ्यांनी रेजिनाचे बन उचलले, तोंडात घातले आणि दुसऱ्याच क्षणी थुंकले.

"मीठ! नुसतं मीठ!" फादर नळाकडे धावले.

रेजिना दुसरा बन घेऊन शांतपणे पुढे आली. "मयताच्या घरी बिनसाखरेचा चहा तुम्ही 'फक्कड' म्हणून प्यायलात, तेव्हाच मला कळलं. आता हा खा, मावशी. गोड आहे की खारट, तेवढं सांगा."

तिने बन त्यांच्या हातात दिला. मावशी चावत राहिल्या आणि काय म्हणायचं ते कुणाच्या चेहऱ्यावर दिसतंय का, ते शोधत राहिल्या.