मशीनची खरखर

त्या टाळ्या आठवल्या की आजही मान खाली जाते. घरच्या घरी, कॉम्प्युटरवर धडपडत शिकलेल्या माझ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा तो पहिलाच कार्यक्रम. आईच्या शिलाई मशीनची खरखर वर्षभर रेकॉर्ड करून मी ती रचना बांधली होती. आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिला मुद्दाम स्पीकरजवळ बसवलं होतं.

"हे आपलं मशीन ना रे? एवढं खरखरायचं?"

"दर महिन्याला जास्तच! तीच तर गंमत आहे!" मी तिच्या कानाशी ओरडलो.

ती जरा वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली.

"तेल हवं होतं रे त्याला. पायडल जड लागायचं, तर मला वाटलं माझेच पाय गेले. म्हणून तर शिवणकाम सोडलं मी."