चाचणीला टांगलेलं घड्याळ

तान्ही मुंगी रडत होती आणि तिची आई भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली होती. घड्याळात पावणेदोन झाले होते. दोनला पाजायचं. पंधरा मिनिटं कशीतरी काढायची, म्हणून ती एकोणीस दिवसांच्या त्या जिवाला मांडीवर हलवत होती, थोपटत होती, आणि मोठ्या काट्याला मनातल्या मनात पुढं ढकलत होती.

दुकानामागची ही खोली. पडदा ओढलेला, उजेड पिवळट, आणि तिन्ही भिंतींवर नुसती टकटक. नवरा घड्याळजी. लंबकाचं घड्याळ दुरुस्त झालं तरी तो ते लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नसे. आठ दिवस या खोलीत चाचणीला टांगायचा, पुढं पळतंय की मागं पडतंय ते बघायला. सध्या अकरा टांगलेली होती. बाळंतपणानंतर तिला त्या टकटकीची अशी गुंगी चढायची, की आपण पलंगावर आहोत की नावेत, तेच समजेना. जेवणाचं ताट कधी आलं, कधी गेलं, ऊन पलीकडच्या कोपऱ्यात कधी सरकलं, काही पत्ता नाही. त्या धुक्यात तिनं एकच गोष्ट घट्ट धरून ठेवली होती, ती म्हणजे समोरचं तपकिरी घड्याळ.

कारण दूध पुरत नव्हतं. अंगावर पाजून झालं तरी वाटी-चमच्यानं वरचं दूध द्यावं लागायचं, आणि चमचा वाटीवर वाजला की तिच्या काळजात चर्र व्हायचं. परवा वजन केलं, तर आठवडाभरात काही फरकच नाही. उद्या पुन्हा करायचं होतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, दर दोन तासांनी पाजा, मागितलं तर आधीही पाजा, आणि गिळल्याचा आवाज येतो का तेवढं ऐका. तो आवाज तिला कधी आलाच नव्हता. म्हणजे पोटात काही जातच नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नर्सबाईंच्या बोलण्यातले दोन तास तेवढे तिनं पक्के धरले. शिवाय तिचा आपला हिशोब होता, थोडं थांबलं की साठेल. सासूबाई दोनदा म्हणाल्या होत्या, अगं, मागतेय तर दे की तिला. पण सासूबाई सगळ्यांनाच मागेल ते देतात. मागच्या दाराशी येणारं मांजर बघा, कसं गरगरीत झालंय.

रडणं थांबेना, तेव्हा घड्याळजी हातातलं काम टाकून आत आला. डोळ्याचं भिंग कपाळावर सारलेलं, बोटांना तेल. भूक लागली असेल, असं तो म्हणाला.

"अजून पंधरा मिनिटं आहेत."

"कुठल्या घड्याळात?"

तिनं हनुवटीनं समोर दाखवलं.

त्यानं तपकिरी घड्याळाकडं बघितलं, मग मनगटाकडं. मनगटावर तीन वाजायला आले होते. बिचाऱ्याचा चेहराच उतरला.

"हे मागं पडतं," तो हळूच म्हणाला. "तासाला दहा मिनिटं. सकाळ-संध्याकाळ मीच काटे जागेवर आणतो."

या खोलीतल्या कुठल्याच घड्याळावर भरवसा ठेवायचा नसतो, हे त्याला लहानपणापासून इतकं ठाऊक, की बायकोला सांगायचं राहूनच गेलं होतं. आणि घड्याळजीच्या घरातलं घड्याळ चुकत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते भिंतीवर चढून चार दिवस झाले होते. चार दिवस तिचे दोन तास जवळजवळ अडीच तासांचे होते.

"मी उपाशी ठेवलं हो हिला," ती म्हणाली, आणि मुंगीच्या रडण्यात तिचंही रडणं मिसळलं.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी सुनेच्या पाठीशी उशी दिली, पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, चुकलं असेल तर ते टांगणाऱ्याचं, तू आधी पोरीला घे. वाटी-चमचा त्यांनी सोबत आणलाच होता. लागला तर आहे, म्हणून तो खिडकीत ठेवून दिला. मुंगीनं तोंड लावलं आणि खोलीत पुन्हा फक्त टकटक उरली.

घड्याळजी स्टुलावर चढला आणि त्यानं तपकिरी घड्याळाचा लंबक बोटानं धरून थांबवला. मग शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. चाचणी मधेच मोडली की पुन्हा पहिल्यापासून आठ दिवस टांगावं लागतं. गिऱ्हाइकं काय म्हणतील, असं सासूबाईंनी विचारलं. म्हणू देत, म्हणून तो पुढच्या भिंतीकडं वळला. एकेक आवाज कमी होत गेला. अकरावा थांबला, तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदाच ती खोली गप्प झाली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत लांब गेलं.

गुटुक.

एखादं राहिलं वाटतं, असं तिला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असणार, कारण स्टुलावर उभ्या उभ्या तो मान तिरकी करून भिंतींचा कानोसा घेऊ लागला. लंबक सगळे सरळ लोंबत होते.

गुटुक. जरा वेळानं पुन्हा, गुटुक.

दोघांनी एकदमच खाली बघितलं. मुंगीचा गळा हलत होता.

तो स्टुलावरून उतरला, पलंगाशी गुडघे टेकून बसला आणि कान जवळ नेला. सवयीनं त्याचे डोळे मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला, एक, दोन, तीन.

"मोजू नका," ती म्हणाली.

चौथ्या पेरावर अंगठा थांबला.