न्हाणीचा दगड

तुळशीराम मिस्त्रीनं पहारीचं टोक न्हाणीच्या दगडाच्या कडेला टेकवलं, पण जोर लावला नाही. मान वळवून दारातल्या अन्नपूर्णाबाईंना त्यानं विचारलं, "माय, घरात कोनी पोटुशी नाही ना?"

धाडपासून मोताळ्यापर्यंत कुठेही खोदायला गेला की तो आधी हे विचारायचा. पोटुशी बाई असलेल्या घरात जमिनीवर घातलेला घाव पोटावर बसतो, असं त्याच्या बापानं त्याला सांगून ठेवलं होतं. चिखलीतल्या बायांना ते सांगायची गरज नव्हती.

अन्नपूर्णाबाईंचा मुलगा रमाकांत हसला. तो हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. बुलढाण्याच्या डाकबंगल्यातली न्हाणी पाहून आल्यापासून त्याला घरचा हा काळा, बुळबुळीत, अंधारा कोपरा बघवत नव्हता. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली, आमची न्हाणी मात्र अजून पेशवाईत आहे, असं तो येईल त्याला सांगायचा. शहाबादी फरशी, कमरेइतक्या पांढऱ्या टाइल, वर एक खिडकी. पन्नास वर्षांनीही जुनी दिसायची नाही, अशी न्हाणी त्यानं मनात बांधूनही टाकली होती.

अन्नपूर्णाबाईंनी मात्र प्रश्नाचा मान राखला. घरातलं सगळं मोजमाप त्यांच्याकडे होतं. बरणीत लोणच्याच्या फोडी किती, जावयानं कितीदा वाढून घेतलं, सून कुठल्या तारखेला बाहेर बसली, सगळं तोंडपाठ.

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "सून परवाच चौथ्या दिवशीचं न्हाली. याच दगडावर. घाल तू पहार."

त्यांच्या मागे त्यांची सून शरयू मिस्त्रीसाठी चहाची कपबशी घेऊन उभी होती.

ती बाहेर बसली होती ते खोटं होतं. या महिन्यातलंही आणि गेल्या महिन्यातलंही. चार-चार दिवस मागच्या ओसरीत घोंगडीवर, वेगळं ताट, वेगळा तांब्या. वठवण्यात तिनं कुठे कसर ठेवली नव्हती. याआधी दोनदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी आठवड्याच्या आत खामगाव, मेहकर, अकोला, सगळीकडे कार्डं टाकली होती, आणि दोन्ही वेळा कार्डं पोचायचा अवकाश, शरयूचं पोट रिकामं झालं होतं. या खेपेला तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला, अगदी नवऱ्यालाही, सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. महिना सरायला अजून चोवीस दिवस होते.

सांगावं तर दृष्ट लागणार. न सांगावं तर ही पहार.

"चला मिस्त्री, ऊन वर येतंय," रमाकांत म्हणाला.

पहार पडली. ठण्ण असा आवाज झाला आणि दगडाच्या कोपऱ्याची कपची उडाली. काळ्या दगडावर रुपयाएवढा पांढरा डाग उघडा पडला. तो आवाज शरयूला ओटीपोटात ऐकू आला.

तुळशीरामनं दुसऱ्या घावासाठी पहार उचलली. शरयूनं कपबशी खाली ठेवली, सासूबाईंना बाजूला सारून ती आत गेली आणि उचललेल्या पहारीखाली त्या दगडावर जाऊन बसली. शेवाळावर, ओल्यात, धुवट पातळासकट.

तुळशीरामच्या हातातली पहार तशीच वर राहिली.

काय झालं, चक्कर आली का, म्हणून रमाकांत विचारत राहिला. दोन्ही हातांनी शरयूनं पदर पोटावर घट्ट धरला होता.

अन्नपूर्णाबाईंनी ते हात पाहिले. मग मागच्या ओसरीकडे पाहिलं, आणि परत हातांकडे. तारखा लावायला त्यांना वेळ लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मोजमाप चुकलं होतं, आणि पहार घाल म्हणून त्यांनीच स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या.

मिस्त्रीलाही कळलं. त्यानं पहार हळूच, आवाज न करता भिंतीला लावली. राहिला विज्ञानाचा मास्तर. तो बिचारा, काम आज बंद ठेवायचं का, अंगणात आणून ठेवलेल्या नव्या फरशीवरून ढोरं जातील त्याचं काय, असं सगळ्यांना आळीपाळीनं विचारत होता.

"तुळशीराम," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "किती घाव झाले?"

"एकच, माय."

"दगडाला लागला?"

शरयूनं मान वर केली. तो ठण्ण आवाज तिनं स्वतः ऐकला होता. तरी ती मिस्त्रीच्या तोंडाकडे अशी पाहत होती, की तो म्हणेल तेच खरं ठरणार होतं.

"नाही," तुळशीराम म्हणाला. "चुन्यात गेला सारा. दगडाले धक्काबी नाही लागला."

अन्नपूर्णाबाई उठल्या. सुनेला हाताला धरून त्यांनी उभं केलं, तिच्या पातळावरचं शेवाळ स्वतःच्या पदरानं झटकलं आणि तिला माजघरात घेऊन गेल्या. त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत तुळशीरामनं दगडाच्या कपची उडालेल्या कोपऱ्यावर ठेवलेला पाय उचलला नाही.