कानामागची तीट

"पाळणाघरातलं वरण आंबलं होतं. बाकीच्या पोरांनी थुंकून टाकलं आणि आपल्या रेवानं दोन वाट्या संपवल्या!" लेकीला दवाखान्यातून घरी आणताच वैदेही नवऱ्यावर कडाडली.

"पण कानामागच्या या चकतीमुळे कारलंसुद्धा खाते गं ती," हृषीकेश पुटपुटला.

"खाते कसली? काहीही गिळते!"

वर्षभर रोज, अडीच वर्षांच्या रेवाला आंघोळ घातली की कानामागे तीट लावावी तशी ती काळी चकती वैदेहीच चिकटवायची. मग कुठलीच चव रेवाला नकोशी वाटायची नाही. चाटूनपुसून ताट संपवणाऱ्या लेकीचे व्हिडिओ वैदेहीनंच सोसायटीच्या ग्रुपवर टाकले होते. ते आठवून तिचा आणखीच भडका उडाला. तिनं चकती नखानं उपटली आणि कचऱ्यात फेकली.

चार दिवसांनी रेवा पुन्हा खेळायला लागली, तेव्हा वैदेहीनं कच्च्या कारल्याची फोड तिच्या तोंडात घातली. रेवाचं तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. कडू आता पुन्हा नकोसं वाटत होतं.

"कडू आहे ना? थू कर, रेवा! थू कर म्हणते ना!" वैदेही ओरडली.

आईच्या लाल झालेल्या चेहऱ्याकडे बघत रेवानं फोड गिळली आणि पुढच्या घासासाठी आ केला.