ताईच्या कोऱ्या घड्या

पन्नास वर्षांपूर्वी आईनं आम्हा बहिणींसाठी पाळीच्या सुती घड्या शिवल्या होत्या. माझ्या वापरून विरल्या. ताईच्या, तिला सतरावं सरलं तरी, ट्रंकेत कोऱ्याच होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “हिला गर्भाशयच नाही. गुणसूत्रं मुलाची आहेत. आईच्या पोटातच काहींची घडण अशी होते. कुणाची चूक नाही.” घरी बाबा येरझाऱ्या घालत राहिले. आत्या पुटपुटली, “आता हिला हाक तरी काय मारायची?” संध्याकाळपर्यंत खरंच कुणी हाक मारली नाही. ताई ट्रंकेवर बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात माझी पाळी आली. न्हाणीघरातून मी सवयीनं ओरडले, “ताई, घडी दे गं लवकर!” बाबांची पावलं थांबली. ट्रंक करकरली. दाराच्या फटीतून कोरी घडी आत आली, मागून ओला आवाज, “घे माझ्यातली. ओरडतेस कशाला गधडे, ताई बहिरी नाहीये.”