पहिला दाणा

जहिदाचाचींच्या कोंबड्यानं आठ दिवसांत पोटभर काही खाल्लं नव्हतं. शेवटी त्याला पिशवीत घालून, जीपमध्ये मांडीवर धरून त्या सिन्नरला जनावरांच्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंनी चोच उघडून पाहिली, गळ्याखालची पिशवी चाचपली. ती रिकामीच होती.

“आजार तर काही दिसत नाही, चाची. दाणे टाकल्यावर काय करतो हा?”

“उचलतो अन् परत खाली टाकतो. नुसतं कुक् कुक् करत राहतो. बाजरी दिली, भात दिला, गहू भिजवून दिले. लय वाळला हो.”

“कोंबड्या किती आहेत?”

“दोन होत्या. मागच्या आठवड्यात मुंगसानं नेल्या.”

“मग तो त्यांनाच बोलावतोय. दाणा दिसला की कोंबडा आधी कोंबड्यांना हाक मारतो. त्या खायला लागल्या की मग स्वतः खातो. एखादी कोंबडी आणा त्याला.”

बाजाराला अजून चार दिवस होते. घरी आल्यावर चाचींनी परसात मूठभर बाजरी टाकली आणि तिथंच फतकल मारून बसल्या. कोंबड्यानं एक दाणा उचलला, त्यांच्या पायाशी टाकला आणि कुक् कुक् करू लागला.

लेक अफरीन सासरी गेल्यापासून चाचींना जेवायला कुणी हाक मारली नव्हती.

“आले रे, आले,” म्हणत त्यांनी तो दाणा उचलून तोंडात टाकला.

मग कोंबडाही टिपू लागला.